लॉन्ड्रीवरची खोली

सेविका : थांब, पिशवीत कोंबू नकोस ते. दाखव जरा. हे टोपडं कुठून आणलंस?

टाचणी : हे? आमच्या घरमालकीण काकूंनी विणून दिलंय. छान आहे ना? फक्त कडेला एक गंमत झालीय बघा. सगळं पिवळं आणि मध्येच एवढासा हिरवा धागा. मी म्हटलं, द्या, उसवून सारखं करून देते. तर एकदम म्हणाल्या, हात लावायचा नाही.

सेविका : कधी दिलं?

टाचणी : परवा. ताई, काय झालं? तुमचा चेहरा असा का उतरला?

सेविका : दोन तास उभी राहून तुम्हा सगळ्यांना श्वास घ्यायला शिकवलं की माझाच श्वास संपतो. बस खाली. बाकीच्या गेल्या?

टाचणी : गेल्या. जुळंवाली तेवढी दारात उभी आहे, तिच्या नवऱ्याची गाडी येईस्तोवर. ताई, पण मला खरंच निघायला हवं. तीन डझन शर्टांना काजं करायचीत.

सेविका : शर्टांना पाय नाहीत, कुठे जात नाहीत. हालचालींची वही आणलीस?

टाचणी : आणलीय. पण...

सेविका : पण काय? दे इकडे. सोमवारी दहा. मंगळवारी दहा. बुधवारी दहा. गेल्या आठवड्यातही रोज दहाच. तुझं बाळ ऑफिसात कामाला आहे का गं, इतकं वेळेवर हलायला?

टाचणी : रागावू नका हं. मी... ते मी आपलं लिहिलं.

सेविका : म्हणजे?

टाचणी : तुम्ही वर्गात सांगितलंत ना, दोन तासांत दहापेक्षा कमी हालचाली झाल्या तर लगेच कळवायचं. मग मी दहा लिहायला लागले.

सेविका : आणि खऱ्या किती?

टाचणी : तीन. कधी चार. काल सकाळी एकही नाही.

सेविका : अगं वेडे!

टाचणी : पण ताई, इथे आलं की नाचतं ते! खरंच. गुरुवारी ह्या हॉलच्या पायऱ्या चढले की सुरू. आत्ता बघा, हात ठेवा. इथे, डावीकडे. कळलं?

सेविका : कळलं. चांगलं जोरात मारलं की.

टाचणी : म्हणून तर मी घाबरले नाही. म्हटलं, त्याला तुमचा आवाज आवडतो. नाहीतर मग...

सेविका : नाहीतर काय?

टाचणी : हसाल तुम्ही.

सेविका : इतक्या वर्षांत बायकांनी मला काय काय सांगितलंय, तुला कल्पना नाही. बोल.

टाचणी : नाहीतर मग त्याला आमची खोली आवडत नाही. तिथे पाऊल टाकलं की गप्प होतं. एखादं मूल कसं, परक्या माणसासमोर आईच्या मागे लपतं आणि हूं की चूं करत नाही, तसं.

सेविका : परका माणूस कोण आहे खोलीत?

टाचणी : कोणी नाही. नवरा ट्रकवर, आठवड्यातून दोन दिवस घरी. मी एकटीच, दिवसभर मशीनवर.

सेविका : आणि तुझी तब्येत? तिथे असताना?

टाचणी : डोकं. दुपारपर्यंत असं चढतं, की सुईत दोरा ओवता येत नाही. मळमळतं. जिना उतरून रस्त्यावर आले की पाच मिनिटांत गायब. नवरा म्हणतो, कामाचा कंटाळा, दुसरं काय. आणि एक भिंत आहे...

सेविका : भिंत?

टाचणी : पलंगाजवळची. ती उबदार असते. कंबर दुखली की मी तिला पाठ लावून बसते, इतकं बरं वाटतं! पण कधी कधी वाटतं, पलीकडून पण कोणीतरी असंच पाठ लावून बसलंय. श्वास ऐकू येतो त्याचा. झालं, सांगितलं. आता हसा.

सेविका : हसत नाहीये मी. किती आठवडे पूर्ण झाले तुला?

टाचणी : सत्तावीस. काकू मात्र दिवस मोजतात. रोज सकाळी वर येतात, पोटावर हात ठेवतात आणि आकडा सांगतात. काल म्हणाल्या, एकशे नव्वद. आज एकशे एक्क्याण्णव.

सेविका : रजिस्टरात तुझा पत्ता मी "पाण्याच्या टाकीसमोर" असा लिहिलाय. टाकीसमोर नक्की कुठे?

टाचणी : लॉन्ड्री आहे ना, तिच्या वर.

सेविका : मागच्या बाजूने लोखंडी जिना?

टाचणी : हो! वर दोन दारं, त्यातलं आतलं आमचं. तुम्ही आला आहात तिकडे?

सेविका : नाही. घरभेटी माझ्याकडे नसतात, मी फक्त वर्ग घेते. मला पत्ता सांगितला होता. एकीने "लॉन्ड्रीवर" म्हणून, एकीने "लोखंडी जिना, आतलं दार" म्हणून, एकीने "टाकीपाशी, वर" म्हणून. दर वेळी मधे दोन-तीन वर्षं गेली. मी आपलं सांगतील तसं लिहून घेतलं.

टाचणी : कोण एकीने?

सेविका : सहा वर्षांपूर्वी एक मुलगी यायची. तिसऱ्या रांगेत बसायची. तिच्या मांडीवर हेच टोपडं होतं. हाच हिरवा धागा. मी तिला म्हटलंसुद्धा, आजीला चष्मा घ्यायला सांग.

टाचणी : मग तिने नेलं नाही ते बाळाला घालायला?

सेविका : नाही.

टाचणी : का? ताई, का नाही नेलं?

सेविका : तिचं बाळ लवकर झालं. फार लवकर. ऊठ, पिशवी मी घेते. मी येतेय तुझ्याबरोबर, तुझी खोली बघायला.

*

टाचणी : सांभाळून, ही पायरी हलते. थांबा, किल्ली कुठे... अगं बाई! काकू? तुम्ही आत कशा? मी कुलूप लावून गेले होते.

मालकीण : माझ्याकडे दुसरी किल्ली असते.

टाचणी : ह्या आमच्या वर्गातल्या ताई.

मालकीण : ओळखते. लांबून. ह्या खोलीतली प्रत्येक जण तुमच्याकडे यायची, बाई. बसा. तू पड गं जरा. जिना चढून आलीस.

सेविका : ती खिडकी उघडता का आधी? कोंदट वाटतंय.

मालकीण : ती उघडत नाही. खिळे मारलेत. खालून सोड्याची वाफ येते, कपडे खराब होतात.

सेविका : आणि हे दार?

मालकीण : दार लावलेलं बरं. ऊब जाते.

टाचणी : ताई, हीच ती भिंत. हात लावून बघा.

सेविका : चांगलीच गरम आहे गं.

टाचणी : आता गप्प राहा जरा. ऐका.

(भिंतीच्या आतून लांब सुस्कारा. मग शांतता. मग पुन्हा सुस्कारा.)

टाचणी : ऐकलंत? मला वेड नाही लागलेलं.

सेविका : नाही लागलेलं. मीही ऐकलं. काकू, भिंतीवर कॅलेंडर लावलंय ते गेल्या वर्षीचं का?

मालकीण : असू द्या.

सेविका : मी काढते ते.

मालकीण : असू द्या म्हटलं ना, बाई.

टाचणी : अय्या! कॅलेंडरमागे हे काळं काय आहे? काकू, हे मी कधी बघितलंच नव्हतं! हे... हे तर कोणीतरी बसलंय. डोकं, खांदे, पाठ. अगदी मी बसते तसं.

मालकीण : घाबरू नकोस. ती काही करत नाही.

टाचणी : कोण ती?

मालकीण : दर वेळी चुना देते. दोन हात, तीन हात. नवीन भाडेकरू येईपर्यंत भिंत पांढरी असते. मग उमटते हळूहळू. आधी पाठ, मग खांदे. म्हणून कॅलेंडर.

सेविका : टाचणी, तू उठून इकडे दाराजवळ ये.

मालकीण : तिला कशाला उठवता? आजचा दिवस चांगला चाललाय. एकशे एक्क्याण्णव.

सेविका : काकू, ह्या खोलीत आतापर्यंत किती जणी राहिल्या? पोटुशी असलेल्या?

मालकीण : तीन. ही चौथी. मास्तरीण एकशे शहाण्णव दिवस. मग ती हसरी, सहा वर्षांपूर्वीची, दोनशे पाच. मग तारखात्यातल्याची बायको, दोनशे नऊ. पुढे पुढे सरकतंय, बाई. दर वेळी थोडं पुढे. दोनशे दहा झाले, सात महिने पुरे झाले, की सुटलं, मग नऊ भरतातच.

टाचणी : काय सुटलं? काकू, त्यांच्या बाळांचं काय झालं?

मालकीण : तारखात्यातल्याचं वाचलं.

सेविका : हो, वाचलं. नऊ आठवडे काचेच्या पेटीत होतं. जाड चष्मा आहे त्याला, पण बालवाडीत जातं.

टाचणी : आणि बाकीची दोन?

मालकीण : टोपडं खुंटीला अडकवून गेल्या दोघी. न बोलता. मी काढून धुऊन ठेवते.

टाचणी : म्हणजे हे टोपडं त्यांचं? मी हे परवापासून उशाशी घेऊन झोपते, काकू! तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला खोली दिलीत?

मालकीण : मी नवीन जोडप्यालाच देते. इतके जण विचारायला येतात, एकटे, म्हातारे. त्यांना नाही म्हणते. इथे एकीचे तरी दिवस भरले पाहिजेत. एक तरी बाळ ह्या खोलीतून नऊ महिन्यांचं होऊन जिना उतरलं पाहिजे. मग ती उठेल भिंतीपासून.

सेविका : काकू, ती म्हणजे कोण?

मालकीण : मीच होते, बाई. ह्याच खोलीत. ह्याच भिंतीला पाठ लावून. एकशे अठ्ठ्याऐंशी. ही तीन दिवस माझ्या पुढे गेलीय.

टाचणी : ताई, मला कसंतरी होतंय.

सेविका : कसं? नीट सांग.

टाचणी : पोट पुन्हा दगडासारखं झालंय.

सेविका : पुन्हा? कधीपासून होतंय असं?

टाचणी : सकाळपासून. येतं आणि जातं. तुम्ही वर्गात विचाराल म्हणून येत होते, पण तिथे थांबलं होतं, म्हणून नाही बोलले. आता वर आल्यापासून हे दुसऱ्यांदा.

मालकीण : होतं असं. मी सांगितलंय तिला. पोट ताणतं, कडक होतं. पडून राहायचं.

सेविका : दुखतं?

टाचणी : कंबरेतून पुढे येतं. कोणी आतून दोरी ओढून गाठ मारल्यासारखं. आता सैल झालं.

सेविका : किती वाजले? चार वाजून दहा. पाणी गेल्यासारखं, ओलं काही? रक्त?

टाचणी : नाही.

सेविका : बरं. घाबरायचं नाही. मी काय शिकवलं होतं? तासात चारदा असं झालं तर?

टाचणी : वाट बघायची नाही.

सेविका : आणि आपण चारपर्यंतही थांबणार नाही. मी गाडी बोलावतेय. हॅलो? हो, मीच. टाकीसमोर, लॉन्ड्रीपाशी पाठवा, आत्ता. सत्तावीस आठवडे पूर्ण, कळा सुरू झाल्यासारख्या आहेत. आणि ऐका, गाडीत ऑक्सिजन आहे ना? असला पाहिजे. काकू, खाली लॉन्ड्रीत बॉयलर आहे का?

मालकीण : आहे. सकाळी सहाला पेटतो, संध्याकाळी विझतो.

सेविका : त्याचं धुराडं कुठून वर जातं?

मालकीण : मला काय माहीत? इथूनच कुठून तरी. भिंतीतून.

सेविका : ह्याच भिंतीतून. तरीच. मी येऊन पंधरा मिनिटं झाली नाहीत आणि माझ्या कानशिलात ठोके पडायला लागलेत. टाचणी, चप्पल घाल. ते काळं म्हणजे काजळी आहे. धूर झिरपतोय भिंतीतून, आणि त्यातला जो घातक वायू, त्याला ना रंग ना वास. तो तुझ्या रक्तात जातोय आणि तिथून बाळाच्या.

मालकीण : नका नेऊ तिला.

सेविका : काकू, दारातून बाजूला व्हा.

मालकीण : तुम्हाला माहीत नाही, बाई. मास्तरीण जिना उतरायला गेली आणि तिथेच, चौथ्या पायरीवर. ती हसरीसुद्धा बाहेर पडली त्याच दिवशी. बाहेर नेलं की जातं. आत राहिलं की टिकतं. एकोणीस दिवस राहिलेत फक्त. मी हिला पलंगावरून उठू देणार नाही, मी करीन सगळं, पाणी हातात देईन.

सेविका : त्या बाहेर पडल्या म्हणून नाही झालं तसं. कळा सुरू झाल्या म्हणून बाहेर पडल्या. तोवर फार उशीर झाला होता.

मालकीण : तुम्ही होता का तिथे? मी होते. तिन्ही वेळा मी होते. चारही वेळा.

टाचणी : ताई... पुन्हा येतंय.

सेविका : चार वाजून एकोणीस. हात धर माझा. हळू श्वास, फुंकर मारल्यासारखा सोड. सोड. हां. काकू, ऐका ना माझं. दार उघडा.

मालकीण : तिला विचारा. तिचं बाळ आहे. तिला जायचंय का?

टाचणी : मला... मला काही कळत नाहीये. खरंच जिन्यात काही झालं तर? ताई, चौथी पायरी...

सेविका : मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. बाहेर गेल्यावर काही होणारच नाही, असं मी म्हणू शकत नाही. पण इथे राहिलीस तर काय होईल, ते ह्या भिंतीवर लिहिलेलं आहे.

टाचणी : काकू, दार उघडा. नुसतं उघडा. मी उंबऱ्यात बसते आधी.

मालकीण : बसतेस ना? नक्की? उतरत नाहीस?

टाचणी : बसते. उघडा.

सेविका : हं. टेक मला. डोकं बाहेर काढ, वारा लागू दे. खोल घे. अजून.

टाचणी : किती गार आहे! डोक्यातला खिळा काढल्यासारखं वाटतंय.

सेविका : बोलू नकोस. नुसती हवा घे. गाडी आली वाटतं कोपऱ्यावर. दारात बसून पाच मिनिटं झाली. कसं आहे?

टाचणी : ताई. ताई, हात द्या.

सेविका : कळ आली?

टाचणी : नाही. हललं. आत्ता. पुन्हा! काकू, या ना, बघा, लाथ मारतंय ते! बाहेरच्या बाजूला मारतंय!

मालकीण : मी नाही तिकडे येत.

टाचणी : मी जाते, काकू. ते टोपडं ठेवा तुमच्याकडे. ताई, मला धरा. मी पायऱ्या मोजणार नाहीये, तुम्हीही मोजू नका.

*

मालकीण : आत या, बाई. पुढच्या बाजूची माझी खोली आहे ही, इथे धूर कधीच नव्हता. तीन महिने झाले, मला वाटलं आता तुम्ही येत नाही.

सेविका : बातमी घेऊनच यायचं ठरवलं होतं. अर्धवट सांगण्यात काय अर्थ?

मालकीण : किती?

सेविका : किती काय? अच्छा. दोनशे सहासष्ट.

मालकीण : दोनशे सहासष्ट.

सेविका : अडतीस आठवडे. पावणेतीन किलो. मुलगा आहे. रडतो असा, की वॉर्डातल्या बाकीच्या बायांनी तक्रार केली. सख्ख्या बहिणीकडे राहतेय ती, उजेड आहे, चारी बाजूंनी वारा. नवऱ्याने लांबच्या फेऱ्या सोडल्या.

मालकीण : त्या दिवशी थांबल्या कळा?

सेविका : रात्रीपर्यंत थांबल्या. रक्त तपासलं, त्यात धूर सापडला, डॉक्टरही चपापले. तोंडावर ऑक्सिजन, कळा थांबवायचं औषध, आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी तिला इंजेक्शनं, न जाणो लवकर झालंच तर. सहा दिवस ठेवून घेतलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, म्हणाले.

मालकीण : तपासणीवाले आले होते इथे. भिंत फोडली. पाइप तडकलेला होता. दोन बोटं जातील एवढी फट, नेमकी पलंगाच्या मागे. मला बोलावून दाखवली. म्हणाले, बघा आजी, ही तुमची भुताटकी. हसले.

सेविका : हसायला नको होतं.

मालकीण : आता धुराडं बाहेरून नेलंय. खिडकीचे खिळे काढलेत. चुना दिला शेवटचा. रोज जाऊन बघते. पांढरी ती पांढरीच. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

सेविका : नाही वाटत?

मालकीण : खोली इतकी रिकामी कधीच नव्हती, बाई. एक विचारते. खरं सांगा. त्या दोघींची बाळं मी मारली का?

सेविका : तुम्हाला धुराचं माहीत नव्हतं.

मालकीण : ते मी विचारलं नाही.

सेविका : धूर माहीत नव्हता. पण ह्या खोलीत दिवस भरत नाहीत, हे माहीत होतं. आणि त्या मुली आत आल्या तेव्हा तुम्ही ते त्यांना सांगितलं नाहीत. तेवढं तुमच्याकडे आहे, काकू. ते मी पुसू शकत नाही.

मालकीण : हं.

सेविका : आणि तीन पत्ते माझ्या अक्षरात लिहिलेले आहेत. मी दर गुरुवारी त्यांना धोक्याची लक्षणं शिकवत होते, फळ्यावर चित्रं काढून. आणि त्यातल्या एकीच्याही घरी जाऊन आले नाही. ते माझ्याकडे आहे. आता मी जाते. प्रत्येकीच्या. एकदा तरी, खिडकी उघडते की नाही ते बघायला.

मालकीण : मी त्या मास्तरणीला पत्र लिहिलं. पाइपचं. तिला वाटत होतं, तिनेच काही जड उचललं. नवऱ्याच्या घरचेही तेच म्हणत राहिले.

सेविका : उत्तर आलं?

मालकीण : नाही. येऊ नये. पण तिला कळलं.

सेविका : चांगलं केलंत.

मालकीण : बाई, तो बॉयलर चौदा वर्षांपूर्वी बसवला.

सेविका : हो, सांगितलं मला तपासणीवाल्यांनी.

मालकीण : माझं सव्वीस वर्षांपूर्वी झालं. तेव्हा खाली लॉन्ड्री नव्हती. कागदाचं गोदाम होतं. बॉयलर नाही, धुराडं नाही. खिडकी उघडी असायची, समोरची टाकी दिसायची.

सेविका : मला माहीत नाही, काकू.

मालकीण : मग माझं कशानं गेलं?

सेविका : खरंच माहीत नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही. सगळं नीट केलेलं असतं, सगळं तपासलेलं असतं, आणि तरी होतं. वर्गात हे सांगताना माझी जीभ जड होते. पण ते खरं आहे.

मालकीण : म्हणजे मी काही उचललं म्हणून नाही?

सेविका : नाही.

मालकीण : भांडण झालं होतं आदल्या दिवशी. मी ओरडले होते.

सेविका : त्यानेही नाही.

मालकीण : सुईण आली होती. दार लावून घेतलं. मी उठून बसले होते, भिंतीला पाठ लावून. पावसाळ्यात मांजर कुठेतरी अडकून बसतं ना, तसा आवाज आला. एकदाच. मग फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या समोरून नेलं. सगळे म्हणाले, बघू नकोस, बघितलंस तर जीव अडकेल. घरात पुन्हा कोणी त्याचं नाव काढलं नाही. नाव नव्हतंच म्हणा.

सेविका : काकू, मुलगा होता की मुलगी?

मालकीण : मीपण तेच विचारलं होतं.